टपाल बंद, ईद तोंडावर : परदेशी माल कसा पाठवावा आणि कस्टम कोणी भरावी?

सक्करदऱ्यात आमचे कापडाचे दुकान आहे. वालिद साहेबांनी ते सुरू केले तेव्हा साड्या, लुंग्या आणि सुती कापड एवढाच माल होता. ताजबागेत येणाऱ्या जायरीनमुळे चादरींची विक्री वाढली. त्यातूनच जरीकाम केलेले दुपट्टे आणि चादरी बनवून घेण्याचा धंदा उभा राहिला. उर्ससाठी आलेल्या एका पाहुण्याने इंग्लंडला परत गेल्यावर तिकडच्या आपल्या दुकानासाठी माल मागवला, आणि आम्ही, कोणत्याही तयारीविना, परदेशी माल पाठवणारे झालो. ना कुठला अभ्यास होता, ना कोणी सांगणारे होते. पोस्टात जायचे, पार्सल शिवून लाखेची मोहर मारायची, फॉर्म भरायचा आणि पावती खिशात ठेवायची. इतकेच आम्हाला माहीत होते.

हे ज्ञान किती अपुरे आहे ते २००० सालच्या डिसेंबरात कळले. आज त्याबद्दल लिहितो आहोत ते जुनी रड ऐकवण्यासाठी नाही. टपालाचा संप, टपालाची बंदी किंवा टपालाचा खोळंबा हे प्रकार पुन:पुन्हा येतात. गेल्याच काही काळात, २०२५ साली, अमेरिकेकडे जाणारे टपाल बंद झाले तेव्हा आमच्या ओळखीच्या अनेक कारीगरांनी आणि छोट्या व्यापाऱ्यांनी आम्ही २००० साली केलेल्याच चुका केल्या. त्या आणखी कोणी करू नयेत, इतकाच हेतू.

रमजानमधला तो संप

५ डिसेंबर २००० रोजी, मंगळवारी, देशभरातल्या टपाल कर्मचाऱ्यांनी बेमुदत संप सुरू केला. रमजानचा पहिला आठवडा सरत आला होता. लेस्टर शहरातल्या आमच्या त्या ग्राहकाला ईदपूर्वी माल हवा होता. मालाचे दोन गठ्ठे होते. पहिला गठ्ठा आम्ही सोमवारी, म्हणजे संपाच्या आदल्या दिवशी, पोस्टात दिला. दुसऱ्या गठ्ठ्यातल्या दुपट्ट्यांचे काम बाकी होते. कारीगर इफ्तारनंतर रात्री बसून ते पुरे करत होते.

मंगळवारी पोस्टाला कुलूप. आम्ही मनाशी म्हटले, दोन दिवसांत मिटेल. शनिवार आला तरी मिटले नाही. पहिला गठ्ठा कोणत्या थैलीत, कोणत्या स्टेशनावर पडला आहे हे सांगायलाही कोणी नव्हते. पोस्टात दिलेली वस्तू रवाना होण्याआधी अर्ज करून परत घेता येते, परंतु अर्ज घ्यायला तरी खिडकी उघडी हवी ना! आमचे सर्वांत जुने कारीगर चाचा हसून म्हणाले, “सेठ, ईद कब है, ये डाकखाने को कौन बताएगा?” हसले खरे, पण त्यांच्या मजुरीचे पैसेही त्याच गठ्ठ्यात अडकलेले होते.

मग आम्ही दुसरा गठ्ठा खासगी कुरिअरने पाठवायचे ठरवले. भाडे पोस्टाच्या जवळजवळ तिप्पट. बुकिंग करणाऱ्या मुलाने सल्ला दिला, “किंमत कमी लिहा आणि गिफ्ट लिहा, कस्टम लागणार नाही.” आम्हाला तो शहाणपणा वाटला. आम्ही तसेच लिहिले.

माल पाचव्या दिवशी इंग्लंडात पोहोचला आणि तिथेच अडला. एका घरी चाळीस एकसारखे दुपट्टे भेट म्हणून कोण पाठवतो? तिथल्या कस्टमने बिल मागितले. ग्राहकाने त्याच्याजवळचे आमचे खरे बिल दाखवले. त्यावरची रक्कम आणि पार्सलवरची रक्कम जुळेना. खुलासे, फॅक्स, पुन्हा खुलासे. शेवटी ड्यूटी, त्यावर तिथला व्हॅट आणि कुरिअर कंपनीची सोडवणुकीची फी असे सगळे मिळून बिल ग्राहकाच्या दारात गेले. त्याला याची काहीच कल्पना आम्ही दिली नव्हती. माल सुटला तेव्हा ईद होऊन दोन दिवस झाले होते.

संप १८ डिसेंबरला मागे घेतला गेला. चौदा दिवसांचा साचलेला डोंगर उपसायला आणखी वेळ गेला. आमचा पहिला गठ्ठा जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात लेस्टरला पोहोचला. ग्राहक भला माणूस होता, संबंध तोडले नाहीत, पण त्याने अर्धीच रक्कम पाठवली आणि आम्हाला मागायला तोंड नव्हते. इकडे कारीगरांची मजुरी ईदपूर्वी द्यायचीच होती. मजुरी अडवून ठेवणे आमच्या घरात कधी मान्य नव्हते. वालिद साहेबांनी इतवारीतल्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून उसने घेऊन ती चुकती केली. ते उसने फेडायला आम्हाला पावसाळा लागला.

त्यानंतर वालिद साहेब एक गोष्ट वारंवार सांगत. संपाने आपले नुकसान केले ते थोडे. आपण खोटी किंमत लिहिली आणि ग्राहकाला कस्टमबद्दल सांगितले नाही, त्याने जास्त केले. आज हिसाब मांडून पाहिला तर ते बरोबर होते असेच दिसते.

संप करणाऱ्यांचीही बाजू

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. त्या संपाच्या मुळाशी टपाल खात्यातल्या खातेबाह्य कर्मचाऱ्यांचा प्रश्न होता. खेडोपाडी टपाल वाटणारी ही माणसे खात्यातल्या एकूण मनुष्यबळाच्या जवळजवळ निम्मी होती, परंतु त्यांना नियमित नोकराचा दर्जा नव्हता आणि पेन्शनही नव्हते. तलवार समितीने त्यांच्यासाठी केलेल्या शिफारशी लागू कराव्यात ही मागणी होती. पुढे याच लोकांना ग्रामीण डाक सेवक म्हणू लागले. २२ मे २०१८ पासून त्यांनी पुन्हा संप केला, तोही सोळा दिवसांचा आणि योगायोगाने तोही रमजानमध्येच. कमलेशचंद्र समितीचा अहवाल लागू करावा ही त्यांची मागणी होती. ६ जून २०१८ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने वेतनवाढ मंजूर केली आणि काम सुरू झाले. आमचे कारीगरही तुकड्यावर काम करतात. कामाचा पक्का दर्जा नसणे म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागत नाही. म्हणून संपाला शिव्या देऊन भागणार नाही. संप होणारच, असे धरून धंद्याची बांधणी केली पाहिजे.

टपाल म्हणजे दोन देशांची साखळी

परदेशी टपालाची पहिली गोष्ट समजून घ्यावी. आपण पोस्टात पार्सल देतो तेव्हा आपले टपाल खाते ते परदेशात घरोघर पोहोचवत नाही. ते त्या देशाच्या टपाल खात्याच्या हवाली करते आणि पुढचे काम त्यांचे. यासाठी १८७४ साली बर्न शहरात जागतिक टपाल संघाचा पाया घातला गेला. भारत १८७६ पासून त्यात आहे. ही व्यवस्था स्वस्त आणि जगभर पोहोचणारी आहे. पण साखळीची कोणतीही एक कडी तुटली तरी माल थांबतो.

म्हणजे संप आपल्याकडेच व्हायला हवा असे नाही. १९७१ साली इंग्लंडातल्या टपाल कामगारांनी २० जानेवारीपासून ८ मार्चपर्यंत संप केला. सात आठवडे तिकडचे टपाल ठप्प होते. कॅनडात १५ नोव्हेंबर २०२४ पासून १७ डिसेंबर २०२४ पर्यंत सुमारे ५५ हजार टपाल कर्मचारी संपावर होते. त्या काळात अमेरिकेच्या टपाल खात्यानेही कॅनडाकडे जाणारे टपाल घेणे बंद केले होते. नागपुरातले पोस्ट उघडे आहे म्हणून माल टोरांटोला पोहोचेलच असे नाही, हे त्यातून ध्यानात घ्यावे. पार्सल देण्यापूर्वी खिडकीवर एवढे विचारावे की त्या देशाकडे टपाल आज स्वीकारले जात आहे काय आणि पलीकडे वाटप चालू आहे काय.

दुसरे रस्ते कोणते?

टपाल बंद पडल्यावर व्यापाऱ्यापुढे चार रस्ते राहतात. प्रत्येकाचे गुण-दोष आम्ही आमच्या अनुभवाने सांगतो.

पहिला रस्ता खासगी कुरिअरचा. पूर्वी पत्रांवर टपाल खात्याचा मक्ता होता. १८९८ च्या कायद्यातली ती तरतूद १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या नव्या टपाल कायद्यात राहिली नाही. पार्सलवर तर असा मक्ता कधी नव्हताच. तेव्हा माल कुरिअरने पाठवण्यात कायद्याची अडचण नाही. मोठ्या कंपन्या दारापासून दारापर्यंतची साखळी आपल्या हातात ठेवतात, कस्टमचे कागदही त्याच करतात, म्हणून वेळ वाचतो. पण भाडे आकारमानावर लागते, हे विसरू नये. लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करतात आणि साधारणपणे ५,००० ने भागतात. ६० बाय ५० बाय ४० चा खोका असेल तर हिशेबाने २४ किलो होतो. आत १२ किलोच्या चादरी असल्या तरी पैसे २४ किलोचे. कापडवाल्याने म्हणून खोका लहान घ्यावा, माल दाबून भरावा आणि मोकळी जागा ठेवू नये. टपालात आम्ही आजवर काट्यावरच्या वजनाचेच पैसे देत आलो, त्यामुळे पहिल्यांदा हा हिसाब पाहिला तेव्हा आम्हाला धक्काच बसला होता.

दुसरा रस्ता विमानाच्या मालवाहतुकीचा. यात कस्टम एजंट लागतो. दर वजनाच्या टप्प्यांवर असतात आणि ४५ किलोच्या वर ते चांगले उतरतात. लहान गठ्ठ्याला किमान आकार भरावा लागतो, म्हणून एकट्याला परवडत नाही. मात्र तीन-चार दुकानदारांचा माल एकाच शहरात जाणार असेल तर मिळून पाठवण्याचा विचार जरूर करावा. प्रत्येकाचे बिल आणि गठ्ठ्यावरची खूण वेगळी ठेवावी, म्हणजे पुढे भावाभावांत तंटा होत नाही. कोणाच्या नावाने माल जाणार आणि पैसा कोणाच्या खात्यात येणार हे एजंटाला विचारून आधीच कागदावर घ्यावे.

तिसरा रस्ता समुद्राचा. नागपूर बंदरापासून दूर असले तरी इथून कंटेनर रेल्वेने न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात जातात. पूर्ण कंटेनर भरण्याइतका माल नसेल तर इतरांच्या मालाबरोबर जागा मिळते आणि भाडे घनमीटरवर लागते. जड आणि मोठ्या मालाला हा सर्वांत स्वस्त रस्ता आहे. पण बंदरावर आणि पलीकडच्या गोदामात आठवडे जातात. ईद एक महिन्यावर आली असताना हा रस्ता धरू नये. पुढच्या हंगामाच्या मालासाठी मात्र तो उत्तम.

चौथा रस्ता आपल्यातल्या अनेकांना सर्वांत सोपा वाटतो. कोणी उमऱ्याला जातो आहे, कोणी दुबईला नोकरीवर परत जातो आहे, त्याच्या सामानात गठ्ठा टाकून द्यायचा. घरच्या माणसासाठी एखादा जोड पाठवणे वेगळे. विकण्याचा माल मुसाफिराच्या सामानात घालणे मात्र त्या बिचाऱ्याला संकटात टाकणे आहे. व्यापाराचा माल हे त्याचे स्वत:चे सामान ठरत नाही. परक्या देशाच्या विमानतळावर ड्यूटी, दंड आणि चौकशी त्याच्या वाट्याला येते. बंद गठ्ठा तर कोणी देऊ नये आणि कोणी घेऊही नये.

कस्टमचा हिसाब नीट समजा

आपल्याकडून कापड बाहेर जाताना त्यावर निर्यात ड्यूटी लागत नाही. लागते ती पलीकडे, आणि ती एकाच रकमेत नसते. तिचे चार भाग असतात. एक, आयात ड्यूटी. दोन, त्या देशाचा व्हॅट किंवा जीएसटी. तीन, माल सोडवून देणाऱ्याची फी, मग तो तिथला टपाल विभाग असो की कुरिअर. चार, माल पडून राहिल्यास गोदामाचे भाडे.

आता एक गंमत पाहा. इंग्लंड आणि युरोपात ड्यूटी मालाच्या नुसत्या किमतीवर लागत नाही. तीत भाडे आणि विमा मिळवून लागते, आणि व्हॅट तर ड्यूटी मिळवून झालेल्या रकमेवर लागतो. समजा माल २०,००० रुपयांचा आहे, ड्यूटी १२ टक्के आणि व्हॅट २० टक्के धरू. टपालाचे भाडे ३,००० असेल तर २३,००० वर ड्यूटी २,७६० आणि मग २५,७६० वर व्हॅट ५,१५२. एकूण ७,९१२. तोच माल संपामुळे कुरिअरने पाठवला आणि भाडे ८,००० झाले, तर २८,००० वर ड्यूटी ३,३६० आणि ३१,३६० वर व्हॅट ६,२७२. एकूण ९,६३२. म्हणजे भाडे ५,००० रुपयांनी वाढले तसा कर १,७२० रुपयांनी वाढला. सोडवणुकीची फी वेगळीच. इथले दर आम्ही केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येक मालाचा दर त्याच्या कोडप्रमाणे वेगळा असतो. पण महागड्या रस्त्याने कस्टमही वाढते, ही गोष्ट २००० साली आम्हाला कोणी सांगितली असती तर ग्राहकापुढे मान खाली घालावी लागली नसती.

देशोदेशी सवलतीची मर्यादाही वेगळी. इंग्लंडात १३५ पौंडांपर्यंतच्या मालावर आयात ड्यूटी लागत नाही, व्हॅट मात्र लागतो. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोंपर्यंतची व्हॅटमाफी काढून टाकली. आखातात व्हॅट अमिरातीत ५ टक्के आहे, तर सौदी अरबस्तानात १ जुलै २०२० पासून १५ टक्के. अमिरातीशी आपला व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. मूळ देशाचा दाखला जोडला तर आपल्या कापडाला तिथे ड्यूटीची सवलत मिळते. हा दाखला न जोडता माल पाठवणारे बरेच आहेत. हातची सवलत सोडणे ही गफलतच नाही का?

अमेरिकेचा २०२५ चा धडा

आता ज्या प्रकरणामुळे हा लेख लिहावा वाटला त्याकडे वळू. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला ड्यूटी माफ होती. अनेक कारीगरांचा धंदा त्या माफीवर उभा होता. ही माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून संपली. ड्यूटी कोणी गोळा करायची आणि कशी भरायची हे स्पष्ट नसल्याने विमान कंपन्यांनी टपालाचा माल घेण्यास असमर्थता दाखवली. म्हणून आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेकडे जाणारा माल घेणे थांबवले. सुरुवातीला पत्रे आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटी चालू होत्या, मग त्याही थांबल्या. संप नव्हता, पण व्यापाऱ्याच्या दृष्टीने परिणाम तोच. आणि वेळ दिवाळीच्या हंगामाची.

१५ ऑक्टोबर २०२५ पासून सेवा पुन्हा सुरू झाली ती नव्या पद्धतीने. ड्यूटी आता पाठवणाऱ्याकडून बुकिंगच्या वेळीच घेतली जाऊ लागली आणि पलीकडे ग्राहकाकडे काही मागणे राहिले नाही. त्या वेळी भारतीय टपाल मालावरचा दर जाहीर किमतीच्या ५० टक्के होता आणि तो भाडे सोडून मालाच्या किमतीवर होता. कुरिअरने जाणाऱ्या मालावर मालाच्या प्रकारानुसार लागणारी मूळ ड्यूटी त्याशिवाय होती, ती टपालाच्या मालाला नव्हती. म्हणजे भाडे आणि ड्यूटी दोन्ही बाजूंनी टपाल स्वस्त पडत होते. असे दर कायमचे नसतात. म्हणून गेल्या महिन्याची पावती पाहून भाव सांगू नये, पाठवण्याच्या दिवशी विचारावे.

त्या सात आठवड्यांत आमच्या ओळखीच्या एका कारीगराने माल कुरिअरने पाठवला आणि ड्यूटीबद्दल ग्राहकाला कळवले नाही. ग्राहकाने पार्सल घ्यायला नकार दिला. परत आणण्याचे भाडे मालाच्या किमतीपेक्षा जास्त होते. माल तिकडेच गेला. पंचवीस वर्षांपूर्वीची आमचीच गोष्ट, फक्त शहर वेगळे.

‘गिफ्ट’ लिहिण्याची सवय सोडा

विकलेल्या मालावर ‘भेट’ लिहिणे आणि किंमत कमी दाखवणे याला आपल्या बाजारात हुशारी समजतात. सचोटीची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली तरी नुसत्या व्यापाराच्या हिशेबाने हा घाट्याचा सौदा आहे. पार्सल हरवले तर भरपाई लिहिलेल्या किमतीच्या वर मिळणार नाही. बिल एक, पार्सलवरची रक्कम दुसरी आणि बँकेत आलेला पैसा तिसरा, असे झाले की इकडेही उत्तर द्यावे लागते. कस्टमवाल्याला एकदा शंका आली की त्या ग्राहकाचे पुढचे प्रत्येक पार्सल उघडले जाते.

उलट दिशेलाही हे लागू आहे. परदेशातले नातेवाईक ईदला इकडे भेटी पाठवतात. आपल्या सरकारने १२ डिसेंबर २०१९ पासून ऑनलाइन खरेदी करून टपालाने किंवा कुरिअरने भेट म्हणून माल मागवणे बंद केले. राखी आणि जीव वाचवणारी औषधे एवढाच अपवाद ठेवला. तेव्हा ‘गिफ्ट आहे’ म्हटल्याने रस्ता मोकळा होतो, या भ्रमात इकडच्यांनी आणि तिकडच्यांनीही राहू नये.

संपापूर्वीची तयारी

संप सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही. कागद आधी तयार असले तर रस्ता एका दिवसात बदलता येतो. आमच्या दुकानात आता खालील नियम आहेत आणि ते कोणीही सहज पाळू शकतो.

पहिला, आयात-निर्यात कोड नंबर काढून ठेवावा. तो पॅनवरच मिळतो. जीएसटी नोंदणी असेल तर निर्यातीचे हमीपत्र दर आर्थिक वर्षाला भरावे, म्हणजे निर्यातीच्या मालावर कर न भरता माल पाठवता येतो.

दुसरा, प्रत्येक मालाचा कोड माहीत असावा. शाली, दुपट्टे आणि स्कार्फ ६२१४ मध्ये, पलंगावरच्या चादरी ६३०२ मध्ये, तर सुती साडी कापड म्हणून गणली जाते. बिलावर नुसते ‘कपडा’ लिहू नये. सूत की रेशीम, हातमाग की यंत्रमाग, नग किती, एका नगाची किंमत किती हे स्वच्छ लिहावे.

तिसरा, टपालानेच पाठवायचे असेल तरी डाकघर निर्यात केंद्रातून पाठवावे. डिसेंबर २०२२ पासून टपालाचे निर्यात बिल संगणकावर भरता येते. पूर्वी अशा कामासाठी मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या विदेशी डाक भवनाच्या कारभारावर डोळे लावून बसावे लागे. आता कागद इथूनच पुढे जातात आणि निर्यातीचा पक्का पुरावा हाती राहतो.

चौथा, एका कुरिअर कंपनीत आणि एका कस्टम एजंटाकडे आपली ओळखपत्रे आधीच देऊन खाते उघडून ठेवावे. संपाच्या काळात नव्या माणसाला रांगेत शेवटी उभे करतात.

पाचवा आणि सर्वांत मोठा, सौदा ठरतानाच दोन ओळी लिहून घ्याव्यात. पलीकडची ड्यूटी कोण भरणार? आणि टपाल बंद झाले तर वाढीव भाडे कोण देणार, की ग्राहक थांबणार? भाव सांगताना ‘ड्यूटीसह’ की ‘ड्यूटीशिवाय’ हे सांगितले नाही, तर भाव अर्धाच सांगितला असे समजावे.

सहावा, सणाचा माल दोन हिश्शांत पाठवावा आणि पहिला हिस्सा सणाच्या सहा आठवडे आधी जावा. कारीगरांना मुदत सांगताना ईदची तारीख सांगू नये, पार्सल निघण्याची तारीख सांगावी.

आणि अखेरची गोष्ट. परदेशी मालाच्या नफ्यातून थोडी रक्कम कारीगरांच्या मजुरीसाठी वेगळी ठेवावी. पार्सल अडले तर आपला नफा थांबेल, पण चुलीवर भांडे ठेवायला बसलेल्या कारीगराची मजुरी थांबू नये. आमचे चाचा आता हयात नाहीत. त्यांचा मुलगा आमच्याकडे काम करतो. यंदा सणाच्या आधी त्याला मजुरी दिली तेव्हा इंग्लंडला गेलेल्या मालाचे पैसे यायचे होते. ते नंतर आले. मजुरीसाठी इतवारीत कोणाकडे जावे लागले नाही.